गळ्यात गळे आणि हातात बॅटन

संघ जिंकला की ‘सगळे एका कुटुंबासारखे’, हरला की ‘ड्रेसिंग रूममध्ये दुफळी’. क्रीडापानांवरची ही दोन वाक्यं घासून इतकी गुळगुळीत झाली आहेत, की त्यांची उलटतपासणी करणं कोणाला सुचतच नाही.

अजित वाडेकरांचंच घ्या. 1971 च्या वेस्ट इंडिज दौऱ्यासाठी निवड समितीचे अध्यक्ष विजय मर्चंट यांच्या निर्णायक मतावर पतौडींना बाजूला सारून वाडेकर कर्णधार झाले. पतौडींना मानणारे खेळाडू संघात होतेच. आधी मनं जुळली तरच विजय, हे खरं असतं तर हा संघ कॅरिबियन बेटांवरच कोसळायला हवा होता. त्याने पोर्ट ऑफ स्पेनला विंडीजविरुद्ध भारताचा पहिला कसोटी विजय मिळवला आणि त्याच वर्षी ओव्हलवर इंग्लंडलाही नमवलं. तीन वर्षांनी लॉर्ड्सवर सगळे 42 धावांत बाद झाले, मालिका 0-3 अशी गेली, वाडेकरांच्या घरावर दगड पडले. मग एकेक जुनी कुरबूर उकरून काढली गेली. कुरबुरी आधीही असतील. विजयाच्या वर्षी त्या मोजायला कोणी बसलं नव्हतं, इतकंच.

एकोप्याच्या पुरस्कर्त्यांकडे पुरावा नाही असं नव्हे. कॅनडाचे क्रीडा-मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट कॅरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2002 मध्ये 46 अभ्यास एकत्र तपासले. एकोपा आणि कामगिरी यांचं नातं त्यांना स्पष्ट दिसलं, आपसातल्या मैत्रीपुरतंसुद्धा. पण नातं आहे म्हणजे कारण सापडलं असं होत नाही. ब्रायन मलन आणि कॅरोलिन कॉपर यांनी 1994 मध्येच दाखवलं होतं, की एकोप्यामुळे यश येतं त्यापेक्षा यशामुळे एकोपा वाढतो, हा ओघ अधिक जोरकस आहे. शिवाय त्यांच्या पाहणीत कामगिरीशी जोडलेला धागा मुख्यतः हाती घेतलेल्या कामाच्या बांधिलकीचा होता, परस्परांच्या आवडीचा नव्हे. लग्नाच्या वरातीत सगळेच नाचतात; त्यावरून लग्न नाचण्यामुळे जमलं असं कोणी म्हणत नाही.

सर्वांत बोलका दाखला हान्स लेंक यांचा. 1960 च्या रोम ऑलिंपिकमध्ये आठ वल्ह्यांच्या शर्यतीत जर्मन नावेने सुवर्ण जिंकलं. 1920 पासून 1956 पर्यंत हे सुवर्ण प्रत्येक वेळी अमेरिकेनेच नेलं होतं. लेंक स्वतः त्या नावेत वल्हवत होते. पुढे ते तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक झाले आणि आपल्याच नावेवर त्यांनी शोधनिबंध लिहिला. नावेत रात्झेबुर्ग आणि कील अशा दोन क्लबांचे गडी होते. त्यांच्यात गट होते, तेढ होती, आणि तरीही वेग वाढत गेला. आठ वल्ही एकाच क्षणी पाण्यात पडत होती; त्यांना मनं जुळण्याची वाट पाहावी लागली नाही.

मुंबईकरांना यात नवल वाटू नये. दादर युनियन आणि शिवाजी पार्क जिमखाना या क्लबांचं हाडवैर कांगा लीगच्या चिखलात रंगायचं. हेच प्रतिस्पर्धी रणजीत एकत्र उतरायचे. 1958-59 ते 1972-73 अशी सलग 15 विजेतेपदं मुंबईने मिळवली. त्यांना बांधून ठेवणारी गोष्ट होती खडूसपणा. विकेट फेकायची नाही, ही शिस्त दोन्ही क्लबांत सारखीच मुरलेली होती.

मग एकोपा थोतांड का? अजिबात नाही. फक्त तो शोधायचा कुठे, हे चुकतं. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये 4 बाय 100 मीटर रिलेत जपानने 37.60 सेकंदांत रौप्य पटकावलं. त्यांच्या चौघांपैकी एकानेही तोवर अधिकृतपणे शंभर मीटर दहा सेकंदांच्या आत पार केलं नव्हतं. अमेरिकेच्या चारही धावपटूंनी केलं होतं. तो संघ तिसरा आला आणि बॅटनची अदलाबदल आखलेल्या पट्ट्याबाहेर झाल्याने बाद ठरला. जपान्यांनी खालून वर बॅटन देण्याची पद्धत घोटली होती. पुढचा गडी मागे वळून न बघता सुसाट सुटतो आणि ठरल्या क्षणी हात मागे करतो. हा विश्वास सहलीत गाणी म्हणून येत नाही. हजारदा बॅटन पाडून येतो.

बेबनाव कधीच नडत नाही, असंही नाही. लिअँडर पेस आणि महेश भूपती यांनी 1999 मध्ये टेनिसच्या दुहेरीत चारही ग्रँड स्लॅमच्या अंतिम फेऱ्या गाठून दोन जिंकल्या. फाटाफूट झाली, तरी 2001 ची फ्रेंच स्पर्धा त्यांनी एकत्र जिंकली. 2004 मध्ये अथेन्सला कांस्यपदक तिसऱ्या सेटमध्ये 14-16 असं हुकलं. 2012 च्या लंडन ऑलिंपिकआधी मात्र भूपतीने पेसबरोबर उतरायलाच नकार दिला. जोडीच उतरली नाही, तर समन्वय कोणाचा?

कबड्डीत तर खेळाडू खरोखरच हातात हात घालतात. कोपऱ्यातला आणि त्याच्या शेजारचा अशी ती साखळी. चढाई 30 सेकंदांची. एकाने घाई केली की साखळी तुटते, चढाईपटू गुण घेऊन रेषा ओलांडतो. कोपऱ्यातल्याने घोट्याला मिठी घातली आणि शेजाऱ्याने त्याच क्षणी कमरेत झडप घातली नाही, तर दोघेही फरफटत रेषेपर्यंत जातात. संध्याकाळी ते एकत्र चहा पितात की नाही, हे पंच विचारत नाही.