पाव हिश्शाचा सिनेमा

मी चिखल्याचा. समुद्राकाठचा, चिकूच्या वाड्यांतला. आई वाडीत मजुरीला जायची, चिकू निवडायची. मोठा वेगळा, बारका वेगळा, डागी वेगळा. व्यापारी यायचा आणि सगळ्याला सरसकट एकच भाव लावून जायचा. आई म्हणायची, "मग निवडलं कशाला?"

हे आठवलं 'अजीब दास्तान्स'मुळं. २०२१ साली नेटफ्लिक्सवर आलेला सिनेमा. चार गोष्टी, चार दिग्दर्शक : शशांक खेतान, राज मेहता, नीरज घायवान, कायोझ इराणी. असला सिनेमा आला की शहाणे ठरलेलं बोलतात : "दर्जा एकसारखा नाही. काही जमलं, काही फसलं. एकंदरीत बरा." झाला सरसकट भाव!

अरे, एकसारखा होईलच कसा? चौघांचे हात वेगळे, चौघांचं जगणं वेगळं. खोट तिथं नाहीच. खोट तुमच्या 'एकंदरीत'मध्ये आहे. फसलेला जमलेल्याच्या आड लपतो, आणि जमलेल्याचं मोल फसलेल्याच्या पायी उतरतं.

घायवानची 'गीली पुच्ची' बघा. कारखान्यात मशीनवर राबणारी भारती मंडल. दलित बाई. लायक असून ऑफिसातली जागा तिला मिळत नाही, मिळते प्रिया शर्माला. भारती आधी आपलं आडनाव बॅनर्जी सांगते. का सांगते, हे आपल्याला कुणी समजावायला नको. पुढं प्रियाच्या घरी तिच्या वाट्याला चहाचं भांडंसुद्धा वेगळं. पण ही बाई रडत बसत नाही. डाव ओळखते आणि उलटा डाव टाकते. पडद्यावर आपली माणसं बहुतेक मार खायलाच यायची. ही हिशेब मांडते.

आणि एवढ्या गोष्टीला जागा किती? पाव हिस्सा!

मराठीतही तेच. 'बायोस्कोप', २०१५. चार कवितांवर चार दिग्दर्शकांच्या चार गोष्टी. त्यात लोकनाथ यशवंतांच्या कवितेवर गिरीश मोहित्यांचा 'बैल'. तिथंही पावच. घायवानचा पूर्ण लांबीचा 'मसान' २०१५चा. त्यानंतरचा 'होमबाउंड' थेट २०२५चा. मधली वर्षं बोटांवर मोजा.

म्हणून म्हणतो, सरसकट भाव बंद करा. दिग्दर्शकाचं नाव घेऊन एकेका गोष्टीचं मोल सांगा. आपल्या माणसाचं फसलं तर तेही तोंडावर सांगा. आपल्याला सवलत नको. पण जमलं असेल तर पाव देऊन बोळवण करू नका.

आम्हाला अख्खी भाकरी पाहिजे.