काटकसर कुणाच्या झोपेतून?

पेण-रोह्याच्या बचत गटांत बायका विचारतात, "ताई, घरखर्चात बचत कशी करायची?" खरं तर त्यांनीच मला शिकवलं: पावसाळ्याआधी कडधान्य-सुकटीची बेगमी, चौघींनी मिळून घाऊक खरेदी, मार्च २०२३ पासून एस.टी.त मिळणाऱ्या अर्ध्या तिकिटातून वाचलेले पैसे स्वतःच्या खात्यात.

पण पेणच्या गणपती कारखान्यात दिवसभर रंगकाम करणारी किंवा रोह्याजवळ धाटावच्या वसाहतीत कामाला जाणारी आई रात्री जागून पापड लाटते, तेव्हा वाचलेल्या रुपयांचा हिशेब होतो, तिच्या झोपेचा नाही. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात रोज सरासरी २८९ मिनिटं वेळ जातो, पुरुषांचा ८८.

म्हणून मैत्रिणींनो, हिशेबाच्या वहीत पैशांशेजारी तासांचा रकाना आखा. आठवडाभर लिहा आणि घरात सर्वांसमोर वाचून दाखवा. पाणी कोण भरणार, सकाळचा डबा कोण करणार, याची वाटणी त्याच बैठकीत व्हायला हवी. नवऱ्याला, मुलाला जमेल तसं करू द्या; भाजी खारट झाली तरी त्या दिवशी चालवून घ्या. गटाच्या पुढच्या बैठकीला पासबुकाबरोबर ही वहीही आणा.