सही घेतली, मुलगा सोडला, सरकार झोपले!

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरात भरधाव पोर्शे गाडीने दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. गाडी अल्पवयीन मुलगा चालवत होता, असा आरोप. आणि त्याच दिवशी त्याला जामीन! अटी काय, तर तीनशे शब्दांचा निबंध, पंधरा दिवस वाहतूक पोलिसांबरोबर काम आणि समुपदेशन. महाराष्ट्र खवळला, खवळायलाच हवा होता. तीन दिवसांत आदेश फिरला, मुलगा निरीक्षणगृहात गेला; जूनमध्ये उच्च न्यायालयाने त्याला सोडून आत्याच्या ताब्यात दिले. या साऱ्या गदारोळात दोनच आरोळ्या ऐकू आल्या: आत टाका, नाहीतर बाहेर सोडा. बाहेर सोडलेल्या मुलावर नजर कोण ठेवणार, कशी ठेवणार आणि त्या देखरेखीने मूल सुधारते की बिघडते हे कोण तपासणार, हे विचारायला कोणी पुढे आले नाही. जामीन वेगळा आणि निकालानंतरची परिविक्षा, म्हणजे देखरेखीखालची सुटका, वेगळी, हे आम्ही जाणतो. पण सोडलेल्या मुलाला वाऱ्यावर सोडण्याचा गुन्हा दोन्हीकडे एकच आहे, आणि तो गुन्हा सरकारचा आहे!

कायदा अपुरा आहे, असे कोणी सांगू नये. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाचे कलम १८ काढून वाचा. समज देऊन घरी पाठवणे, गट समुपदेशन, समाजसेवा, पालकांच्या हमीवर परिविक्षा, योग्य व्यक्तीच्या किंवा संस्थेच्या देखरेखीखाली परिविक्षा, आणि अगदी शेवटी विशेष गृह. हमीपत्राची मुदत तीन वर्षांपर्यंत! पंधराव्या वर्षी सापडलेले पोर अठरा वर्षांचे होईपर्यंत राज्याच्या नजरेखाली राहू शकते. ही नजर आहे कुठे? मुंबई प्रांताने मुलांसाठी वेगळा कायदा केला १९२४ साली. मुंबईच्या डोंगरीतल्या निरीक्षणगृहाचे नाव ज्या चिल्ड्रन्स एड सोसायटीशी जोडलेले आहे, ती उभी राहिली १९२७ साली. शंभर वर्षे हाताशी असताना आपण काय शिकलो?

कागद भरायला शिकलो. मूल बाल न्याय मंडळापुढे आले की परिविक्षा अधिकाऱ्याने दोन आठवड्यांत सामाजिक तपासणी अहवाल द्यायचा. त्याचा नमुना ६ एकदा नीट पाहा. घरात कोणाचे कोणाशी पटते, मुलाला मारहाण होते का, मित्र बरोबरीचे की वयाने मोठे, शाळा का सुटली, शेजारी काय म्हणतात, सारे रकाने आहेत. या रकान्यांमागे एक अख्खे आयुष्य उभे आहे. ते समजून घ्यायचे तर येरवड्याच्या किंवा गोवंडीच्या गल्लीत चार वेळा जावे लागेल, रात्रपाळी करून आलेल्या आईजवळ बसावे लागेल, शाळेच्या मुख्याध्यापकांना गाठावे लागेल. ‘वाईट संगत’ आणि ‘घरची गरिबी’ एवढे लिहून रकाना भरता येतो. मूल हाती लागत नाही. आणि हे अवघड काम सोपवले कोणाला? जिल्हा बाल संरक्षण कक्षातल्या कंत्राटी माणसाला! ज्याला स्वतःची नोकरी पुढच्या वर्षी राहील की नाही ठाऊक नाही, त्याने मुलाची तीन वर्षे सांभाळायची! ही निव्वळ बेपर्वाई आहे.

कोयता नाचवणारी पोरे दिसली की मागणी होते, यांना एकदा तुरुंग दाखवा, सुतासारखी सरळ होतील. अमेरिकेत न्यूजर्सीच्या रॉवे तुरुंगात हेच केले. जन्मठेपेचे कैदी पोरांवर ओरडत, धमकावत; त्यावरच्या माहितीपटाला ऑस्कर मिळाले, देशभर नकला झाल्या. मग अभ्यासकांनी नऊ प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र तपासले. तुरुंग पाहून आलेली मुले न पाहिलेल्या मुलांपेक्षा जास्त गुन्हे करत होती! निव्वळ माया लावली तर? तेही तपासले गेले. मॅसॅच्युसेट्समध्ये १९३९ साली केंब्रिज-सॉमरव्हिल प्रयोग सुरू झाला. सारख्या मुलांच्या जोड्या लावल्या, नाणे उडवून एकाला मदत, दुसऱ्याला नाही. समुपदेशक घरी जात, शिकवणी, औषधपाणी, उन्हाळी शिबिरे, अनेकांना पाच-पाच वर्षे. तीस वर्षांनी जोन मॅकॉर्ड यांनी त्या ५०६ मुलांचा माग काढला. मदत मिळालेली मुले अधिक चांगली निघाली नव्हती. काही बाबतींत तर अधिक वाईट निघाली. मदत मिळालेल्यांपैकी बहुतेक जण ती आठवून कृतज्ञता सांगत होते, तरीही!

हे निष्कर्ष झोंबणारे आहेत, आणि म्हणूनच मोलाचे आहेत. धाक फसतो, माया फसते, आणि मोजल्याशिवाय ते कळतच नाही. आमच्याकडे कोणता मंडळ सदस्य ठामपणे सांगू शकेल की पंधरा दिवस चौकात उभे केलेला मुलगा आणि आईवडिलांसह समुपदेशनाला बसवलेला मुलगा, यांतला कोण पुन्हा पोलीस ठाण्याची पायरी चढला? किरकोळ चोरीत सापडलेल्या पोराला सराईतांबरोबर एकाच गट समुपदेशनात बसवून आपण त्याला नवे उस्ताद मिळवून देत आहोत काय? उत्तर नसताना आदेश निघतात, आणि ते आदेश कोवळ्या आयुष्यांवर चालतात!

बाल न्याय मंडळे आणि त्यांच्या साऱ्या यंत्रणेचे स्वतंत्र मूल्यमापन करण्याचा अधिकार याच कायद्याच्या कलम ५५ ने केंद्राला आणि राज्याला दिला आहे. तो अधिकार राज्य सरकारने वापरला असेल, तर अहवाल उद्या सकाळी जनतेपुढे ठेवावा. वापरला नसेल, तर महिला व बालविकास मंत्र्यांनी विधानसभेत उभे राहून तसे कबूल करावे. जिल्हावार सांगा: परिविक्षेवर किती मुले सोडली, प्रत्येक अधिकाऱ्यामागे किती मुले, किती घरभेटी खरोखर झाल्या, कोणत्या पद्धतीच्या देखरेखीतली किती मुले दोन वर्षांत पुन्हा मंडळापुढे आली, किती पुन्हा शाळेत गेली. मुलांची नावे गुप्त राहू द्या, ती राहायलाच हवीत. सरकारचे आकडे गुप्त ठेवण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला? परिविक्षा अधिकाऱ्यांची पदे कायम करा, रिकामी पदे भरा, आणि ते होईपर्यंत अल्पवयीन मानण्याची वयाची अट खाली आणण्याची भाषा एकाही मंत्र्याने तोंडातून काढू नये.