परवाना शुल्क की छुपा कर?

परवाना हे नियंत्रणाचे साधन मानावयाचे की उत्पन्नाचे, हा लोकप्रशासनातील जुना वाद आहे. इंग्लंडमधील घोडेस्वारीच्या शाळांचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. तेथे घोडी भाड्याने देणाऱ्या वा अश्वारोहण शिकविणाऱ्या व्यावसायिकास स्थानिक कौन्सिलचा परवाना घ्यावा लागतो. परवान्याची ही पद्धत १९६४ च्या कायद्यापासून चालत आली असून १ ऑक्टोबर २०१८ पासून इंग्लंडपुरती नवी नियमावली अमलात आहे. शुल्काचा आकडा मात्र मध्यवर्ती सरकार ठरवीत नाही. तो प्रत्येक कौन्सिलने आपापल्या खर्चाचा हिशेब करून ठरवावयाचा असतो.

या हिशेबात अर्जाची छाननी, परवानाधारक अटी पाळतो की नाही यावरील देखरेख आणि विनापरवाना धंदा करणाऱ्यांवरील कारवाई, असे तीन खर्च धरता येतात. वाजवी खर्चाहून अधिक रक्कम घेता येत नाही. म्हणजे तत्त्वतः हे शुल्क आहे, कर नव्हे.

तथापि खरी अडचण येथूनच सुरू होते. पाच घोड्यांचा तबेला असो वा चाळीस घोड्यांचा, अर्ज तपासण्याचा कचेरीतील खर्च जवळजवळ सारखाच असतो. तोच सर्वांवर सारखा लादला, तर लहान तबेल्याच्या दर घोड्यामागे पडणारा बोजा आठपट होतो. चांगल्या व्यवस्थेला तीन वर्षांपर्यंतचा परवाना देण्याची सोय नियमावलीत आहे खरी. पण पशुवैद्याची तपासणी दरवर्षी व्हावीच लागते. त्यामुळे दीर्घ मुदतीचा लाभ दिसतो तेवढा मोठा नसतो.

यावर उपाय एकच संभवतो. शुल्काचे भाग पाडावेत. कचेरीच्या खर्चापोटी माफक स्थिर रक्कम, देखरेखीसाठी घोड्यांच्या संख्येनुसार आकारणी आणि पशुवैद्याचे प्रत्यक्ष बिल, अशी ही विभागणी असावी. ज्याच्यामुळे जेवढा खर्च होतो, तेवढा त्याने सोसावा, हे तत्त्व त्यात पाळले जाते.

तिसऱ्या खर्चाची गोष्ट निराळी आहे. चोरून धंदा करणाऱ्यास पकडण्याचा भुर्दंड प्रामाणिक परवानाधारकाने का सोसावा? लंडनमधील वेस्टमिन्स्टर कौन्सिलच्या एका प्रकरणात, निराळ्या धंद्याच्या संदर्भात, हाच वाद ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. परवाना मिळालेल्यांकडून असा खर्च घेण्यास न्यायालयाने २०१५ मध्ये मान्यता दिली. मात्र तो अर्जासोबतच आगाऊ वसूल करणे युरोपीय न्यायालयाने २०१६ मध्ये अमान्य केले. परंतु जे कायद्यात बसते ते शहाणपणाचे असतेच असे नाही. शुल्क जितके चढे, तितका परवाना टाळण्याचा मोह मोठा. आणि टाळणारे वाढले की कारवाईचा खर्च व पर्यायाने शुल्क पुन्हा वाढणार. या दुष्टचक्रात अखेर हाल होतात ते तपासणीबाहेर राहिलेल्या मुक्या जनावरांचे आणि त्यांवर बसणाऱ्या मुलांचे. म्हणून हा खर्च कौन्सिलच्या सर्वसाधारण तिजोरीतून होणेच इष्ट.

श्रीमंतांच्या छंदासाठी सामान्य करदात्याने पैसे का मोजावेत, असा आक्षेप यावर घेतला जाईल. वस्तुतः श्रीमंताचा घोडा स्वतःचा असतो. भाड्याचा घोडा लागतो तो ज्याला घोडा पोसणे परवडत नाही त्यालाच.

भारतीय वाचकाला हा वाद अपरिचित नाही. कर व शुल्क यांतील भेद आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९५४ च्या शिरूर मठ खटल्यात विशद केला होता. १९६५ च्या लिबर्टी सिनेमा खटल्यात तर कलकत्ता महापालिकेची परवान्यापोटीची आकारणी शुल्क नसून करच आहे, असे ठरवून ती त्याच न्यायालयाने वैध मानली. मोटारींना बंदी असलेल्या माथेरानमध्ये घोडा हा हौसेचा नव्हे, पोटापाण्याचा विषय आहे. तेथे अथवा अन्य कोठेही असे शुल्क ठरविताना आधी खर्चाचा हिशेब जाहीर करावा आणि मग आकडा. हिशेबावाचून ठरविलेले शुल्क म्हणजे निराळ्या नावाने बसविलेला करच होय. आणि करच बसवावयाचा असेल, तर तो कर म्हणून उघडपणे बसविण्याचे धैर्य लोकप्रतिनिधींनी दाखवावे.