क्षयरोग्याचे ताट वेगळे कशाला?

घरात कुणाला क्षय झाला की आधी त्याचे ताट-वाटी वेगळे होते, मग अंथरूण-पांघरूण, आणि शेवटी माणूसच वेगळा पडतो. सून असेल तर तिची रवानगी माहेरी. लग्नाची मुलगी असेल तर आजाराचे नाव उंबऱ्याबाहेर जाऊ द्यायचे नाही. माझ्याकडे येणारे कितीतरी जण ‘टी.बी.’ हा शब्द उच्चारतच नाहीत. ‘छातीचे दुखणे’ म्हणतात.

या भीतीला एके काळी कारण होते. डॉ. आनंदीबाई जोशी १८८७ साली वयाच्या अवघ्या एकविसाव्या वर्षी क्षयाने गेल्या. रोगाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्येच दाखवून दिला होता, पण औषध नव्हते. १९४३ साली स्ट्रेप्टोमायसिन सापडले, पुढे आणखी औषधे आली. भीती मात्र होती तिथेच राहिली.

फुफ्फुसाचा क्षय झालेला रुग्ण खोकतो, शिंकतो तेव्हा जंतू हवेतून पसरतात. ताटातून, कपड्यांतून किंवा हात लावल्याने क्षय होत नाही. हाडांचा किंवा गाठींचा क्षय सहसा दुसऱ्याला लागत नाही. योग्य औषधे सुरू झाली की बहुतेक रुग्णांपासूनचा धोका काही आठवड्यांतच पुष्कळ कमी होतो.

याचा पुरावा आपल्याच देशातला आहे. मद्रासला काही रुग्णांना सॅनेटोरियममध्ये ठेवून आणि काहींना त्यांच्या दाटीवाटीच्या घरीच ठेवून तीच औषधे दिली गेली. १९५९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. घरी राहिलेले रुग्णही जवळजवळ तितकेच बरे झाले, आणि त्यांच्यामुळे घरच्यांना जास्त लागण झाली नाही.

म्हणून माझे स्पष्ट मत आहे, की खरा धोका लपवलेल्या क्षयाचा आहे. माझ्याकडची एक सून गोळ्या पिठाच्या डब्यात लपवून ठेवी. पाहुणे आले की तिच्या गोळ्या दोन-दोन दिवस चुकत. अशा खंडामुळेच जंतू औषधांना दाद देईनासे होतात. मग उपचार लांबतो आणि अवघड होतो. तिला लपवायला लावले कुणी? आपणच ना?

दोन आठवड्यांहून अधिक खोकला, बारीक ताप, वजनात घट असेल तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्यावी. तपासणी आणि औषधे मोफत आहेत. साध्या क्षयाचा उपचार साधारण सहा महिन्यांचा असतो. बरे वाटले म्हणून तो मध्येच सोडू नये. आहारासाठी मिळणारी सरकारी मदत नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा १००० रुपये झाली आहे. रुग्णाने खोकताना तोंडावर रुमाल धरावा, खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि घरातल्या सर्वांनी तपासणी करून घ्यावी.

बाकीचे काम घरच्यांचे आहे. सासूबाईंनीच रोज सकाळी सुनेच्या हातावर गोळ्या ठेवाव्यात आणि तिचे ताट सगळ्यांच्या पंगतीत मांडावे. यासाठी कोणत्याही डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही.