त्या भुतांमध्ये मीही होते

प्रत्येक ग्रुपमध्ये एक जण असतोच, ज्याच्या खिशावर अख्खा कट्टा चालतो. चहा त्याचा, बाईकमधलं पेट्रोल त्याचं, वाढदिवस कुणाचाही असो, केक त्याचाच. आमच्याकडेही होता. मग दुसऱ्या वर्षाला त्याच्या बाबांचं दुकान बंद पडलं. त्याने कुणाला काही सांगितलं नाही, फक्त 'आज टीटीएमएम करू या' म्हणायला लागला. महिनाभरात कँटीनचं ते टेबल रिकामं. भांडण नाही, काही नाही. प्रत्येकाला अचानक लेक्चर आठवायला लागलं.

घरी सांगितलं तर आजी एवढंच म्हणाली, "असतील शितं तर जमतील भुतं."

तुमच्या लक्षात आलंय का, ही म्हण आपण कायम दुसऱ्यांसाठी वापरतो? भुतं म्हणजे ते, स्वार्थी लोक. मीही आजीला 'ते सगळे' असंच सांगत होते. खरं तर त्या टेबलावरून उठलेल्यांत मीही होते.

आता म्हण नीट बघा. शित म्हणजे शिजलेल्या भाताचा एक दाणा. पंचपक्वान्न नव्हे, पुरणपोळी नव्हे. म्हणजे जमायला फार श्रीमंती लागतच नाही. आणि भूत म्हणजे फक्त पिंपळावरचं नाही. 'भूतदया' म्हणतो तेव्हा भूत म्हणजे कुठलाही जीव. म्हणीतली भुतं पिंपळावरचीच असतील, पण मला हा दुसरा अर्थ जोडून वाचावासा वाटतो. दाणा दिसला की भुकेला जीव येणारच. रविवारी रात्री मेस बंद, खिशात 20 रुपये आणि कुणी वडापाव खिलवतंय, तर होस्टेलवाले जमणार नाहीत तर काय! जमल्याची मला लाज वाटत नाही.

उठून गेल्याची वाटते. आणि म्हण त्याबद्दल गप्प आहे. शितं संपल्यावर काय, ते ती सांगत नाही.

त्यासाठी आपल्याकडे 'खाल्ल्या मिठाला जागणं' आहे. पण त्यात मालक आणि नोकराचा वास येतो. 'ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी' तर त्याहून वाईट. निवडणुकांच्या दिवसांत आपण ती टाळी भरपूर ऐकतो. आमच्या मित्राने टाळी कधी मागितलीच नव्हती. त्याने फक्त बिल वेगळं मागितलं होतं. एवढ्यावर आम्ही पांगलो, म्हणजे आम्ही त्याला मित्र समजत होतो की एटीएम? हा प्रश्न तुमच्या टेबलावरही एकदा विचारून बघा. आणि विचारताना 'ते सगळे' म्हणू नका.

मागच्या आठवड्यात त्याला मेसेज टाकला, तब्बल दोन वर्षांनी. 'चहा घेऊ या, कॉन्ट्री काढून.' लगेच निळ्या टिक आल्या. उत्तर मात्र दुसऱ्या दिवशी : 'बघतो. सध्या सकाळी कामाला जातो.'

मी रविवार सुचवलाय.