समजून घ्या : बचावपटूचा झाला चॅम्पियन प्रशिक्षक, डेरिक परेरा यांची कारकीर्द महाराष्ट्राला काय सांगते?

अहिल्यानगर-सोलापूर मार्गावरच्या मिरजगावात आज एखाद्या मुलाच्या मोबाइलवर रात्री उशिरा युरोपातली मॅच सुरू असते. त्याला फ्रान्सच्या लोरां ब्लां यांचं नाव माहीत असू शकतं. पण महाराष्ट्रातल्या क्लबला पहिल्यांदा राष्ट्रीय लीग जिंकून देणारे प्रशिक्षक कोण, असं विचारलं तर? उत्तर आहे डेरिक परेरा. तेही ब्लां यांच्यासारखेच मूळचे बचावपटू.

आधी ब्लां यांची गोष्ट

१९९८ च्या विश्वचषकात पॅराग्वेविरुद्ध ब्लां यांनी अतिरिक्त वेळेत गोल्डन गोल केला. विश्वचषकातला तो पहिलाच गोल्डन गोल. उपांत्य सामन्यात लाल कार्ड मिळाल्याने अंतिम सामना मात्र त्यांना बाहेर बसून पाहावा लागला. २००७ मध्ये बोर्दो क्लबने त्यांना मुख्य प्रशिक्षक केलं, तेव्हा या कामाचा अनुभव त्यांच्याकडे नव्हता. तरीही २००८-०९ मध्ये बोर्दोने फ्रेंच लीग जिंकली. पुढच्याच वर्षी फ्रान्सचा राष्ट्रीय संघ त्यांच्या हाती आला. नंतर पॅरिस सेंट जर्मेनसोबत सलग तीन लीग विजेतेपदं.

डेरिक परेरा कोण?

गोव्याचे परेरा ऐंशीच्या दशकात सालगावकर क्लबकडून बचावफळीत खेळले. भारताची जर्सीही त्यांनी घातली. प्रशिक्षक म्हणून त्यांची मोठी कामगिरी मात्र मुंबईत झाली.

• २००५-०६ : महिंद्रा युनायटेडने नॅशनल फुटबॉल लीग जिंकली. त्याच हंगामात फेडरेशन कपही मिळवला.
• २००९-१० : पुणे एफसी आय-लीगमध्ये तिसऱ्या स्थानी.
• २०१२-१३ : पुणे एफसी उपविजेता, चर्चिल ब्रदर्स विजेता.
• २०१९ : भारताच्या २३ वर्षांखालील संघाचं प्रशिक्षकपद.
• डिसेंबर २०२१ : हुआन फेरांडो हंगामाच्या मध्येच निघून गेल्यावर एफसी गोवाची सूत्रं हाती.

मग अडलं कुठे?

शिडीच्या पायऱ्याच निघून गेल्या. लीग जिंकून जेमतेम चार वर्षं झाली आणि २०१० मध्ये महिंद्रा युनायटेड बंद झाला. पुणे एफसीही २०१५ नंतर टिकला नाही. म्हणजे परेरा यांनी महाराष्ट्रात घडवलेले दोन्ही संघ आज मैदानावर नाहीत. संघ बंद पडला की कपाटातली ट्रॉफी उरते. पण त्या संघात तयार होणारा सहायक प्रशिक्षक, फिजिओ, ज्युनियर संघ हे सगळं विखुरतं.

२०१४ मध्ये इंडियन सुपर लीग आली. बहुतेक क्लबांनी मुख्य प्रशिक्षकपदासाठी परदेशी नावं निवडली. भारतीय माणूस बहुधा सहायक, किंवा संकटकाळी हंगामी. एफसी गोवातही परेरा आधी तांत्रिक संचालक होते. मुख्य खुर्ची मिळाली ती हंगामाच्या मधोमध. त्या हंगामात संघ नववा आला आणि पुढच्या हंगामासाठी स्पेनचे कार्लोस पेन्या आले. निकाल वाईट होता, हे मान्यच. पण मोडलेला डाव सावरायला बोलवायचं आणि त्यावरूनच माणसाची पात्रता ठरवायची, हा न्याय नाही.

परदेशी प्रशिक्षक नकोतच का?

तसं अजिबात नाही. मुंबई सिटी एफसीची २०२०-२१ मधली दुहेरी कामगिरी स्पेनच्या सर्जिओ लोबेरा यांच्या हाताखाली झाली. परदेशी प्रशिक्षक नवी पद्धत आणतात, खेळाडूंची तयारी सुधारते. पण ते दोन-तीन हंगामांत जातात. मागे शिकलेला स्थानिक माणूस उरला तरच ते ज्ञान इथे राहतं. मुंबईतच खेळलेले खालिद जमील २०२१ मध्ये आयएसएलमधले पहिले पूर्णवेळ भारतीय मुख्य प्रशिक्षक झाले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय संघाचे प्रशिक्षक. संधी दिली की माणूस पुढे जातो, याचं हे ताजं उदाहरण.

मिरजगावचा यात काय संबंध?

प्रशिक्षकाची वाट डी लायसन्सपासून सुरू होते. पुढे सी, बी, ए आणि शेवटी प्रो. कर्जत तालुक्यातल्या एखाद्या क्रीडाशिक्षकाने पहिली पायरी चढायची ठरवली, तर रजा, प्रवास आणि फी हे तीन प्रश्न आधी उभे राहतात. राज्य सरकार आणि फुटबॉल संघटनेने जिल्ह्याच्या ठिकाणी असे कोर्स घेतले आणि शिक्षकांची फी भरली, तर खर्च एका मोठ्या स्पर्धेच्या मंडपापेक्षा फार नसेल.

बोर्दोने ब्लां यांच्यावर विश्वास टाकला आणि क्लबही टिकून राहिला, म्हणून पुढची वाट खुली झाली. परेरा यांनी लीग जिंकून दाखवली, तरी क्लबच उरला नाही. महाराष्ट्रात गुणी माणसं आहेत, त्यांना उभं राहायला जागा हवी. ती आता तालुक्यापासून तयार करावी लागेल.